तेलपंप दोषी होता का? टू-स्ट्रोक इंजिनाच्या वंगणाची शंभर वर्षांची कहाणी

१९८८ ते २००६ या काळात यामाहा कंपनीने अमेरिकेत 'ब्लास्टर' नावाची एक लहान एटीव्ही विकली. एटीव्ही म्हणजे रुंद, मऊ टायरांची, मोटारसायकलसारख्या हँडलने वळणारी आणि चिखल, वाळू, चढउतार यांसाठीच घडवलेली चारचाकी. ब्लास्टरचे इंजिन १९५ सीसीचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि टू-स्ट्रोक होते. तिच्यात तेलाची वेगळी टाकी होती आणि इंजिनाच्या बाजूला एक छोटा पंप होता. मालकाने एका टाकीत पेट्रोल भरायचे, दुसरीत तेल. किती तेल केव्हा द्यायचे ते पंपाने ठरवायचे.

गाडी घरी आणल्यावर कित्येक मालक सर्वप्रथम एकच काम करीत. ते हा पंप काढून टाकीत, उरलेल्या भोकावर अॅल्युमिनियमची एक चकती बसवीत, आणि मापाच्या डब्याने पेट्रोलमध्ये तेल कालवू लागत. कंपनीने फुकट दिलेली सोय काढून टाकण्यासाठी लोक खिशातले पैसे मोजत होते. ती चकती आजही सुट्या भागांच्या दुकानांत विकली जाते.

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा सरळ रेषेत सांगितला जातो: जुने गैरसोयीचे होते, नवे सोयीचे आले, जुने मागे पडले. येथे मात्र सोय झिडकारून माणसे मागे गेली. कारण विचारले की उत्तर ठरलेले असे, 'पंपावर भरवसा नाही. तो कधी बंद पडेल ते कळतही नाही.' या उत्तरात तथ्य किती आणि ऐकीव किती, हा या धाग्याचा विषय. त्यासाठी प्रथम टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात डोकवावे लागते.

सर्वसाधारण फोर-स्ट्रोक इंजिनात तेल तळाशी साठलेले असते. पंप ते वर चढवतो, ते भागांना भिजवून पुन्हा खाली येते. टू-स्ट्रोकमध्ये ही तळाची जागा मोकळीच नसते. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास जी रचना पेटंट केली, तिच्यात पिस्टनखालची बंद पोकळी, म्हणजे क्रँककेस, हाच एक हवापंप होता. पिस्टन वर गेला की हवा आणि इंधन यांचे मिश्रण या पोकळीत ओढले जाते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये शिरते. त्याआधी १८७८ साली ड्यूगाल्ड क्लर्कने बनवलेल्या इंजिनात या कामासाठी वेगळा पंप-सिलिंडर होता. डेने तो वाचवला, आणि इंजिन इतके साधे झाले की पुढे ते सायकलीपासून नावेपर्यंत कशालाही जोडता आले.

या बचतीची किंमत वंगणाने मोजली. ज्या पोकळीतून इंधन धावते तेथे तेल साठवता येत नाही. तेल द्यायचे ते थेंबाथेंबाने, आणि दिलेले प्रत्येक थेंब शेवटी जळून धुरातून बाहेर जाणार. क्रँकशाफ्टचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके, पिस्टन आणि रिंगा हे सारे त्या वाटेने जाणाऱ्या तेलाच्या ओलाव्यावर जगतात. पुरवठा तुटला की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. आपल्याकडचे मिस्त्री याला 'इंजिन जाम झाले' किंवा 'सीझ झाले' म्हणतात. धावत्या मोटारसायकलीवर असे झाले की मागचे चाक एकाएकी अडते. ब्लास्टरसारख्या साखळीच्या एटीव्हीत मागची दोन्ही चाके एकाच सलग आसावर बसवलेली असल्याने दोन्ही एकदम अडतात. वंगणाचा प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा नव्हता तो यामुळे.

सुरुवातीच्या मोटारसायकलींवर तेल देणे हे चालकाचे काम होते. काचेच्या नळीतून तेल ठिबकताना पाहायचे, कमी वाटले तर स्क्रू थोडा सोडायचा. काही गाड्यांवर हातपंप असे आणि चढ आला की एक जादा दट्ट्या मारायचा. पुढे याहून सोपा तोडगा सर्वमान्य झाला: तेल पेट्रोलमध्येच कालवून टाकायचे. इंधन जेथे जाईल तेथे तेल जाईल. वीस किंवा पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल हे प्रमाण दीर्घकाळ चालले. १९४६ च्या पहिल्या व्हेस्पालाही शंभरास पाच तेल लागत असे. तेले सुधारत गेली, इंजिनांची रचना बदलली, तसे ते प्रमाण शंभरास दोनपर्यंत उतरले.

मिश्रणाची पद्धत भरवशाची होती, पण तिच्यात एक मूलभूत खोट होती. इंजिनाला तेल किती हवे हे त्याच्या फेऱ्यांवर आणि भारावर, दोन्हींवर अवलंबून असते. मिश्रणात मात्र तेल पेट्रोलला बांधलेले असते. लांब घाट उतरताना चालक थ्रॉटल बंद करतो. चाके इंजिनाला फिरवत राहतात, फेऱ्या चढ्याच असतात, पण पेट्रोल जवळजवळ थांबलेले असते आणि त्याच्याबरोबर तेलही. गाडी उतारावर, इंजिन जोरात फिरते आहे, आणि नेमके तेव्हाच ते कोरडे पडते आहे. जर्मन डीकेडब्ल्यू आणि स्वीडिश साब यांच्या टू-स्ट्रोक मोटारींत फ्रीव्हील बसवण्यामागे हे मोठे कारण होते. थ्रॉटल सोडला की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटे, सायकलीवर पाय थांबवावेत तसा. याउलट सिग्नलपाशी उभ्या असलेल्या गाडीत तेच प्रमाण जास्त ठरे: निळा धूर, काळवंडलेला प्लग, चिकट सायलेन्सर.

म्हणजे तेल पेट्रोलपासून सोडवणे, त्याला स्वतःची टाकी आणि स्वतःचे माप देणे, ही चैन नव्हती. ती इंजिनाची जुनी मागणी होती. ती मोठ्या प्रमाणावर पुरवण्याचा एक प्रयत्न जर्मनीत झाला, आणि त्याची कथा तेलपंपाच्या बदनामीच्या मुळाशी ठेवावी इतकी बोलकी आहे.

डीकेडब्ल्यूचा जन्म सॅक्सनीतल्या झ्शोपाउ या गावचा. १९२८ च्या सुमारास ती जगातील सर्वांत मोठी मोटारसायकल उत्पादक होती, आणि टू-स्ट्रोक हाच तिचा धर्म होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हे गाव सोव्हिएत भागात गेले आणि कंपनी पश्चिम जर्मनीत ऑटो युनियन या नावाखाली नव्याने उभी राहिली. १९६१ साली तिने आपल्या मोटारींत 'फ्रिशओल-ऑटोमाटिक' आणले, म्हणजे ताज्या तेलाची स्वयंचलित सोय. आता ग्राहकाला पेट्रोलपंपावर तेल मोजत उभे राहावे लागणार नव्हते. फोर-स्ट्रोक गाड्यांशी स्पर्धा करताना टू-स्ट्रोकचा हा सर्वांत लाजिरवाणा भाग झाकला जाणार होता.

मग १९६२-६३ चा हिवाळा आला. युरोपातील विसाव्या शतकातल्या अत्यंत कडक हिवाळ्यांपैकी तो एक. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरचे बोडेनझे हे प्रचंड सरोवर १९६३ मध्ये संपूर्ण गोठले आणि लोक त्याच्यावरून चालत पलीकडच्या देशात गेले. अशा थंडीत तेल घट्ट झाले आणि बारीक नळ्यांतून पुरेशा वेगाने पुढे सरकेना. इंजिने सुरू झाली, चालली, आणि तेलावाचून त्यांचे क्रँकशाफ्ट खराब झाले. पेट्रोलमध्ये कालवलेले तेल पातळ होऊन जाते, थंडीतही पेट्रोलबरोबर वाहते; वेगळे ठेवलेले तेल मात्र स्वतःच्या घट्टपणाच्या स्वाधीन असते. टाकी भरलेली होती. पंप मोडलेला नव्हता. तरी इंजिन कोरडे होते.

कंपनीला हमीखाली दुरुस्त्या करून द्याव्या लागल्या आणि पैशापेक्षा नाव अधिक गेले. एकट्या या हिवाळ्याने डीकेडब्ल्यू बुडाली असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. टू-स्ट्रोक मोटारीचे दिवस तसेही भरत आले होते. मालक असलेल्या डाइमलर-बेंझनेच ऑटो युनियनसाठी फोर-स्ट्रोक इंजिनाची तयारी चालवली होती. पण ग्राहकाचा विश्वास उडण्याला त्या हिवाळ्याने निमित्त दिले एवढे नक्की. १९६४ च्या अखेरीपासून कंपनी फोक्सवॅगनच्या हाती जाऊ लागली, १९६५ साली तिच्याच कारखान्यातून फोर-स्ट्रोक इंजिनाची गाडी 'आउडी' या नावाने बाहेर पडली, आणि पुढच्या वर्षी डीकेडब्ल्यूची शेवटची मोटार बंद झाली. पूर्व जर्मनीतील ट्राबांटने हा धोका पत्करलाच नाही. ती आपल्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी अखेरपर्यंत, म्हणजे १९९० पर्यंत, पेट्रोलमध्ये तेल कालवत राहिली, आणि त्यापायी जगभर चेष्टेचा विषय झाली.

या कथेला एक विचित्र जोडकथा आहे. युद्धानंतर डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या मोटारसायकलीचा आराखडा विजेत्यांच्या हाती पडला आणि तिच्या नकला इंग्लंड, अमेरिका व सोव्हिएत संघात निघाल्या. जपानमध्ये वाद्ये बनवणाऱ्या एका कंपनीने १९५५ साली आपली पहिली मोटारसायकल काढली, वायए-१. तीही याच आरटी १२५ वर बेतलेली होती. ती कंपनी यामाहा. आणि त्या वंशातल्या १९६४ च्या वायए-६ मध्ये यामाहाने 'ऑटोल्यूब' हा आपला तेलपंप आणला. आधल्याच वर्षी जर्मनीत जी कल्पना बर्फात रुतली होती, ती जपानमध्ये चालून गेली. सुझुकी आणि कावासाकी यांनीही काही वर्षांतच आपापले पंप आणले. सुझुकीने तर थेट क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत तेलाची नळी नेली.

ऑटोल्यूबची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचे सारे बिघाड तिच्यातूनच उलगडतात. पंपात एक बारीक दट्ट्या असतो. तो दातेरी चाकांमार्फत इंजिनाच्या जोरावर चालतो. त्यामुळे इंजिन जितके वेगाने फिरेल तितक्या वेळा तो तेल ढकलतो. दट्ट्याची एकेक खेप किती लांबीची, हे मात्र थ्रॉटलच्या केबलला जोडलेली दुसरी केबल ठरवते. फेऱ्या एका हाती, भार दुसऱ्या हाती: मिश्रणाला जे साधत नव्हते ते येथे दोन साध्या हालचालींत साधले. घाट उतरताना थ्रॉटल बंद असला तरी पंप फिरतच असतो आणि तेलाचा किमान वाटा जातच राहतो. हा किमान वाटा अनेक यामाहा गाड्यांत दट्ट्याच्या सुमारे पाव मिलिमीटर खेपेवर ठरवलेला असे आणि पातळ चकत्या घालून-काढून तो जुळवत. पंपातून निघालेले तेल बारीक नळीने इंजिनात जाते, आणि नळीच्या तोंडाशी चेंडू व स्प्रिंगची एक झडप असते; तेल आत जावे, पण गाडी उभी असताना आपोआप झिरपू नये, यासाठी.

१९८५ हे वर्ष या पंपाच्या भूगोलात लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील पोलारिस या बर्फगाड्या बनवणाऱ्या कंपनीने 'ट्रेल बॉस' ही एटीव्ही आणली. तिचे टू-स्ट्रोक इंजिन जपानी बनावटीचे आणि तेलपंपाचे होते. त्याच वर्षाच्या शेवटी भारतात एस्कॉर्ट्सने यामाहाची आरएक्स १०० रस्त्यावर आणली, तीही तेलपंपाचीच. आदल्याच वर्षी आलेल्या पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडा स्कूटरलाही तेलाची वेगळी टाकी होती. चेतक आणि लुना वापरणाऱ्या महाराष्ट्राला, पंपावर 'टू-टी'चे माप टाकीत ओतून गाडी हलवून घेणाऱ्यांना, ती एक नवलाईच होती.

भारतीय मिस्त्र्यांचा अनुभव अमेरिकन एटीव्हीवाल्यांपेक्षा फार वेगळा नव्हता. आरएक्स १०० चा पंप बंद करून 'तेल पेट्रोलमध्येच टाकत जा' असा सल्ला देणारी गॅरेजे गावोगाव होती. दिल्लीत मात्र राज्यव्यवस्थेने उलट बाजूने विचार केला. तेथे अडचण तेल कमी पडण्याची नव्हती, अधिक आणि हलके तेल ओतले जाण्याची होती. रिक्षावाल्यांचा समज असा की जास्त तेल म्हणजे इंजिनाला जास्त आयुष्य. जुलै १९९८ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत सुटे टू-टी तेल विकणे वर्षअखेरीपर्यंत बंद करण्यास आणि पंपांवर तयार मिश्रण देणारी यंत्रे वाढवण्यास सांगितले. चालकाच्या हातून माप काढून घेण्याचाच हा प्रकार होता, फक्त इंजिनावरच्या पंपाऐवजी पेट्रोलपंपावर.

आता मूळ प्रश्न. एटीव्हीचा पंप खरोखर किती बिघडत असे, आणि बिघडला तर ओळखावा कसा?

एटीव्हीचे आयुष्य मोटारसायकलीपेक्षा खडतर असते हे प्रथम मान्य करावे लागेल. ती महिनोन्‌महिने गोठ्यात किंवा गॅरेजात पडून असते. मग एका सुटीच्या दिवशी तिला ओढ्यातून, चिखलातून, उभ्या चढावरून नेले जाते. चिखलाने तेलटाकीचे हवाछिद्र बुजते. टाकीत पोकळी तयार होऊन तेल खाली उतरेनासे होते. रबरी नळ्या वाळून चिरतात आणि चिरेतून तेल गळण्याऐवजी कधी कधी हवा आत ओढली जाते. अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलची केबल ताणली गेली, की कार्बोरेटर एक सांगतो आणि पंप दुसरेच ऐकतो. यांतला एकही दोष पंपाचा नाही. पंपाच्या आतला दट्ट्या झिजणे किंवा त्याला फिरवणारे चाक तुटणे हे घडते, पण संशयितांच्या रांगेत त्यांचा क्रम शेवटचा असतो. तपासाची दिशा यावरून ठरते: स्वस्त आणि बाहेरचे आधी, महाग आणि आतले नंतर.

त्याहीआधी एक गोष्ट. पंपावर संशय असताना गाडी चालवून पाहायची असेल, तर टाकीतल्या पेट्रोलमध्ये तेल कालवूनच. पंप निर्दोष निघाला तर दुप्पट तेल जाऊन थोडा धूर होईल. दोषी निघाला तर इंजिन वाचेल.

सर्वांत जास्त फसवते ती हवा. तेलटाकी एकदा जरी कोरडी पडली, किंवा दुरुस्तीसाठी नळी काढली, तर नळीत बुडबुडा अडकतो. दट्ट्याची खेप इतकी लहान असते की ती बुडबुड्याला नुसती दाबते आणि सोडते. तेल जागचे हलत नाही. टाकी भरलेली दिसते, पंप फिरताना दिसतो, इंजिन कोरडे असते. उपाय सोपा आहे. पंपावरचा हवा काढण्याचा स्क्रू सोडावा, बुडबुडे संपून अखंड तेल येईपर्यंत थांबावे आणि तो घट्ट करावा. पंपाच्या पुढची बारीक नळी मात्र एवढ्याने भरत नाही. त्यासाठी इंजिन मंद गतीवर ठेवून पंपाची चकती हाताने पूर्ण उघडी धरावी लागते आणि तेल नळीतून पुढे सरकताना डोळ्यांनी पाहावे लागते. ही दुसरी पायरी घाईत सुटते, आणि 'पंपाने दगा दिला' या तक्रारींतला मोठा वाटा या सुटलेल्या पायरीचा असावा असे मानायला जागा आहे.

केबलची तपासणी दोन मिनिटांची. पंपाच्या फिरत्या चकतीवर आणि अंगावर खुणा असतात. थ्रॉटल पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत धरला की त्या एका रेषेत यायला हव्यात. आणि पंप एकूण किती तेल देतो हे पाहण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. तेल खुणेपर्यंत भरावे, मोजून काही लिटर पेट्रोल जाळावे, आणि तेलाची खूण पुन्हा गाठायला किती तेल लागले ते मापाने पाहावे. प्रमाण समोर येते. चाचणीचे पेट्रोल आधीच तेल कालवलेले असले तरी हा हिशेब बिघडत नाही, कारण येथे मोजायची ती फक्त तेलटाकीतली घट.

उलट प्रकारची तक्रार धुराची. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू होत नाही, झाली तर अंगण निळ्या धुराने भरते, आणि न चालवताही तेलटाकी उतरलेली असते. येथे दोष नळीच्या तोंडाशी असलेल्या चेंडूच्या झडपेत: तेल रात्रभर क्रँककेसमध्ये झिरपले. पण गाडी चालताना सतत धूर येतो आणि तेलटाकी मात्र नेहमीइतकीच उतरते, तेव्हा नजर दुसरीकडे वळवावी लागते. क्रँकशाफ्टच्या क्लचकडील बाजूचे सील फाटले असेल, तर क्रँककेस गिअरबॉक्समधले तेल ओढून जाळू लागते. गिअरबॉक्सची पातळी तपासली की उलगडा होतो.

दुसऱ्या, मॅग्नेटोकडील बाजूचे सील फाटले तर तेथून नुसती हवा शिरते. इंधनाचे प्रमाण विरळ होते, इंजिन तापते आणि जाम होते. बाहेरून पाहता तेलाअभावी जाम झालेले इंजिन आणि हवा शिरून जाम झालेले इंजिन सारखेच दिसते, आणि आळ पंपावर येतो. खरे उत्तर इंजिन उघडल्यावर मिळते. तेल खरोखर थांबले असेल तर खालचे बेअरिंग कोरडे आणि उष्णतेने निळसर पडलेले असते. बेअरिंग ओले असेल, क्रँककेसमध्ये तेलाचा थर असेल आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने भाजलेला असेल, तर पंप शेवटच्या क्षणापर्यंत आपले काम करीत होता. म्हणूनच जाणते मिस्त्री नवा पिस्टन टाकण्याआधी इंजिनाची तोंडे बंद करून आत हवेचा हलका दाब भरतात. सहा पीएसआय दाब सहा मिनिटे टिकला पाहिजे, हा त्यांचा प्रचलित ठोकताळा. ही चाचणी न करता सिलिंडर बोअर करून पिस्टन बदलला, तर तेच इंजिन त्याच कारणाने पुन्हा जाम होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे ओळखीचा प्रश्न दिसेल: साधनांचा. पंपाविरुद्धचा पुरावा कसा जमा झाला? ज्याचे इंजिन जाम झाले त्याने गावभर सांगितले. ज्याचा पंप वीस वर्षे निमूट चालला त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. जाम झालेल्या इंजिनाची दुरुस्ती करताना 'सावधगिरी' म्हणून पंप काढला गेला, आणि त्याबरोबर तो दोषी होता की नाही हे ठरवणारा पुरावाही गेला. पुढे ते इंजिन नीट चालले तर श्रेय मिश्रणाला मिळाले. वास्तविक त्याच दुरुस्तीत सीलही बदललेले असत. याहून सूक्ष्म भेद दोषारोपात आहे. मिश्रण करणारा माणूस तेल घालायला विसरला आणि इंजिन गेले, तर ती माणसाची चूक. पंपाच्या टाकीत तेल भरायला तोच माणूस विसरला, तर ती पंपाची चूक. दोन्ही विस्मरणे एकाच तऱ्हेची, पण नोंद वेगवेगळ्या खात्यांत पडते.

मिश्रणवाद्यांची बाजू पोकळ होती असा याचा अर्थ नाही. शर्यतीच्या एटीव्हींना कारखान्यातूनच पंप नसे. होंडाची टीआरएक्स २५०आर हे त्याचे ठळक उदाहरण. सतत पूर्ण थ्रॉटलवर धावणाऱ्या, दर काही तासांनी उघडल्या जाणाऱ्या आणि अनेक बदल केलेल्या इंजिनाला कंपनीने ठरवलेले तेलाचे माप पुरेलच असे नाही. तेथे पंप काढणे शहाणपणाचे. प्रश्न त्या मालकांचा, जे शेतावर किंवा जंगलवाटेवर संथ गाडी चालवत आणि शर्यतवाल्यांचे पाहून पंप काढत. त्यांनी लांब उतारावरचा जुना धोका पुन्हा ओढवून घेतला. शिवाय पेट्रोलच्या काही भागाची जागा तेलाने घेतली की त्याच जेटमधून इंजिनाला प्रत्यक्ष पेट्रोल कमी मिळते. जेट एक पायरी मोठा न करता पंप काढणारा मालक इंजिन अधिक तापवत असे आणि त्याला वाटे की आपण ते सुरक्षित केले.

तेलाच्या निवडीचाही या गोंधळात वाटा होता. शर्यतीत एरंडेलाच्या तेलाचा दबदबा मोठा. 'कॅस्ट्रॉल' हे नावच इंग्रजीतल्या एरंडेलावरून आले. पण ते दाट आणि चिकट, थंडीत आणखी आळणारे. शर्यतीच्या मिश्रणात ते शोभते. पंपाच्या बारीक नळीत मात्र ते डीकेडब्ल्यूचा हिवाळा पुन्हा घडवू शकते. पंपासाठीचे तेल मुद्दाम पातळ, थंडीतही वाहणारे असे बनवतात. डब्यावर तसे लिहिलेले असते, आणि महाग डबा म्हणजे चांगले तेल या समजापायी ते वाचले जात नसे.

हा वाद शेवटी कोणी जिंकला नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रस्त्याबाहेरच्या वाहनांच्या धुरावर प्रथमच मर्यादा घातल्या आणि २००६ च्या मॉडेलांपासून त्या टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. जळून जाणारे तेल पंपातून आले की डब्यातून, याच्याशी त्या नियमांना कर्तव्य नव्हते. ब्लास्टर अमेरिकेत त्याच वर्षी थांबली. तिची जागा यामाहाच्या रॅप्टर २५० ने घेतली: फोर-स्ट्रोक, आणि तेल इंजिनाच्या पोटातच साठवलेले.